भांग रुंदावतो तेव्हा

बायकांच्या केसांच्या तक्रारीला आमच्या दवाखान्यात एक ठरलेली वेळ असते. ती म्हणजे दाराची कडी धरल्यानंतरची. खोकला सांगून झाला, चिठ्ठी लिहून झाली, पैसे देऊन झाले, चपला पायात गेल्या, आणि मग मागे वळून, नवरा बाहेर पडला आहे याची खात्री करून बाई हळूच म्हणते, "डॉक्टर, केस लई गळतेत हो. काही गोळी असंल तर लिहा." आणि मी, खोटे कशाला बोलू, पुष्कळ वर्षे या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि "टेन्शन घेऊ नका." पुढचा रुग्ण आत आलेला असे.

यात माझ्या शिक्षणाचाही थोडा वाटा आहे. आमच्या वेळी घाटीत त्वचारोग विभागात विद्यार्थी म्हणून जे दिवस मिळत, ते कुष्ठरोग, खरूज आणि गजकर्ण ओळखण्यातच संपत. बाईचे केस विरळ होणे हा रोग आहे असे कुणी शिकवले नाही आणि आम्हीही कुणी विचारले नाही. टक्कल म्हणजे पुरुषांचे, हा समज डॉक्टरांचाही होता.

हा समज माझ्यापुरता मोडला तो अंबड तालुक्यातील एका अंगणवाडी सेविकेमुळे. वय चौतीस. दोन वर्षांत दोनदा तिने कडी धरून तोच प्रश्न विचारला होता आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिले होते. तिसऱ्या वर्षी ती आली ती झोप लागत नाही म्हणून. वैशाखाचे ऊन, पण डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. बोलता बोलता कळले की अंगणवाडीच्या कार्यक्रमांचे फोटो मोबाइलवर टाकावे लागतात आणि प्रत्येक फोटोत ही मागे उभी राहते किंवा स्वतःच फोटो काढते, म्हणजे आपण त्यात नको. शहरातल्या एका केसांच्या दवाखान्यात तिने बचत गटाचे कर्ज काढून बावीस हजार रुपये भरले होते. तेलाच्या बाटल्या, गोळ्यांचे डबे आणि चार इंजेक्शने. मी विचारले, रक्त तपासले का? नाही. पाळीविषयी कुणी विचारले? नाही. मग मला आठवले की मीही विचारले नव्हते.

तिला रुमाल सोडायला लावला आणि ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसवून पहिल्यांदा तिचे डोके नीट पाहिले. कपाळाच्या कडेचे केस जागच्या जागी होते. पण मधला भांग, जो दोऱ्याइतका असावा, तो बोटाएवढा रुंद झाला होता आणि माथ्यावरून टाळू स्पष्ट दिसत होती. मागच्या बाजूचे केस मात्र दाट. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "माझ्या आईचंबी असंच होतं. पण तिच्या डोक्यावर पदर होता."

या एका वाक्यात निम्मे निदान होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता थोडे शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवडे थांबतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे शेतातली पिकली पाने गळण्यासारखे आहे. ज्या बाईचे केस लांब तिला तेच केस फणीत जास्त वाटतात आणि आठवड्यातून एकदा नहाणारीला तर मोरीत गुंतवळच दिसते.

तेव्हा डॉक्टरने आणि बाईने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की केस *गळत* आहेत की *विरळ* होत आहेत? दोन्ही गोष्टी एक नव्हेत. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन किंवा अन्न तोडून केलेले वजन कमी, यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात. करोनाच्या साथीनंतर हे आपण घरोघरी पाहिले. बाई घाबरते, कारण तिला त्या तापाशी संबंध जोडता येत नाही, मध्ये दोन-तीन महिने गेलेले असतात. पण यात मूळ शाबूत असते. कारण दूर झाले की बहुतेक वेळा सहा महिन्यांत केस भरून येतात. तिथे खरोखरच धीर देणे हेच मोठे औषध.

दुसरा प्रकार मुकाट्याने येतो. फणीत फार काही दिसत नाही, पण केसांचे मूळ आक्रसत जाते, प्रत्येक फेरीत केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो आणि शेवटी नुसती लव राहते. वेणी बारीक होते, रबराला दोनाऐवजी चार वेढे पडतात, भांग रुंदावतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ मध्ये स्त्रियांमधील या विरळपणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत. पुरुषांसारखी कपाळाची कड सहसा मागे सरकत नाही, म्हणूनच याला टक्कल म्हणायचे आपल्या मनात येत नाही. हा कल आनुवंशिक आहे, आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. काही जणींत विशीतच सुरू होतो आणि पाळी गेल्यानंतर प्रमाण बरेच वाढते. बहुतेक जणींची संप्रेरके तपासली तर ती व्यवस्थितच निघतात. तेव्हा "तिच्यात काही कमी आहे" अशी कुजबुज करणाऱ्या जावा-नणंदांनी कृपया एवढे ध्यानात घ्यावे.

इथे शेजारच्या बुलडाण्याची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. पुरुष, बायका, मुले, सगळ्यांचेच. अडीचशेहून अधिक लोक सापडले. कित्येकांनी लाजेने डोकी भादरून घेतली. पाण्याचे नमुने गेले, पथके आली, दिल्लीहून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः फिरून नमुने तपासले आणि स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या, राज्याबाहेरच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. नंतर काही रुग्णांची नखेही गळाल्याचे समोर आले, ते सेलेनियमच्या विषबाधेशी जुळणारेच होते. हे बावस्कर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातील देहेडचे. महाडला राहून त्यांनी विंचूदंशावर रक्तदाबाची एक गोळी वापरून हजारो जीव वाचवले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा अभिमान आहेच, पण आज सांगायचे ते निराळे.

त्या दिवसांत माझ्याकडेही बायकांची रांग लागली होती. "रेशनचा गहू टाकून देऊ का?" हा एकच प्रश्न. त्यांतल्या बहुतेकींचे भांग पाच-सहा वर्षांपासून रुंदावत होते. मी त्यांना सांगितले, हे ते नव्हे. ते तीन दिवसांत आले, अख्ख्या गावाला आले आणि त्यांतल्या अनेकांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले. तुमचे सावकाश आले आहे आणि आपले आपण परतणार नाही. पण मनात एक विचार येऊन गेला तो लिहितो. तीन दिवसांत केस गेले तर दिल्लीहून पथक येते, येणे योग्यच. दहा वर्षांत गेले तर घरातल्या डॉक्टरला मान वर करून बघायलाही सवड नसते. मी पथक मागत नाही. मी दहा मिनिटे मागतो आहे, माझ्या व्यवसायबंधूंकडून आणि स्वतःकडूनही.

त्या दहा मिनिटांत काय करायचे? महागडे यंत्र लागत नाही. मधला भांग पाडून पुढचा, माथ्यावरचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी ताडून पाहावा. माथ्यावर जाड-बारीक केस मिसळलेले आणि मागे सारखे दाट, असे दिसले की निदान जवळपास झाले. पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलके ओढावी. पाच-सहापेक्षा जास्त केस सहज हातात आले तर गळतीही चालू आहे असे समजावे. टाळूची कातडी पाहावी. रुपयाएवढा गुळगुळीत चकंदळा असेल तर ती चाई, तिचे उपचार वेगळे. कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रेच बुजली असतील, पू किंवा व्रण असतील, तर वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे, कारण तिथे गेलेले मूळ परत येत नाही. कानाजवळचे आणि कपाळाकडेचे केस गेले असतील तर अंबाडा किती घट्ट बांधता ते विचारावे.

मग प्रश्न. पाळी नियमित आहे का, किती दिवस जाते, किती कपडा लागतो. हनुवटीवर केस, पुळ्या, पाळी दोन-दोन महिने न येणे, हे जोडीला असेल तर अंडाशयाच्या विकाराचा विचार करून संप्रेरकांची तपासणी आणि सोनोग्राफी करावी. एकाएकी दाढी-मिशा फुटू लागल्या, आवाज घोगरा झाला तर ते तातडीचे आहे. बाकीच्यांना तीन तपासण्या पुरतात. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच. पाच-सात हजारांच्या "संपूर्ण केस तपासणी"च्या जाहिराती दिसतात, त्यातली बरीच नावे माझ्याही कामाची नसतात.

त्या अंगणवाडी सेविकेचे हिमोग्लोबिन ७.८ निघाले. पाळी नऊ-नऊ दिवस जात होती, दोन वर्षांपासून. हे तिने नवऱ्याला सांगितले नव्हते, आईला नव्हते आणि मलाही नव्हते. तिला लाज केसांची होती, रक्ताची नव्हती. रक्त जाते ही तिला बायकांच्या जन्माची रीतच वाटत होती. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, साधी, कर्करोगाची नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे माझ्या बाकावर बसलेल्या दोघींपैकी एक. दोनदा ती मला केसांच्या निमित्ताने तिथपर्यंत नेऊ पाहत होती आणि दोनदा मी तिला दारातून परत पाठवले. लोहाची गोळी दिली होती म्हणा, पण दहा दिवसांची, आणि ती चहाबरोबर घेतली जात होती. चहाने लोह शरीरात उतरत नाही. लिंबू पिळून घ्यावे.

गाठीवर उपचार झाले, रक्त भरून आले, अकरापर्यंत. केसांची गळती कमी झाली. पण भांग होता तेवढाच राहिला. हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण "रक्त वाढले की केस येतील" असे मी तिला उत्साहाच्या भरात म्हणून बसलो होतो. तिला दोन्ही गोष्टी होत्या, रक्तक्षयाची गळती आणि आईकडून आलेला विरळपणा. पहिली लोहाने जाते, दुसरी जात नाही.

दुसरीवर आज ज्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे असे औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. हीसुद्धा मुळात रक्तदाबाचीच गोळी. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले आणि त्यातून टाळूवर लावायचे औषध निघाले. अमेरिकेत स्त्रियांसाठी त्याला १९९१ मध्ये परवानगी मिळाली. विंचवावर रक्तदाबाची गोळी, केसांवर रक्तदाबाची गोळी. औषधांचे नशीबही माणसांसारखेच, कुठे जन्मतील आणि कुठे कामाला येतील सांगता येत नाही.

ते लावण्याची पद्धत मात्र समजून घ्यावी, कारण निम्म्या बायका इथेच चुकतात. दोन टक्क्यांचे औषध दिवसातून दोनदा, पाच टक्क्यांचे सहसा एकदा, एक मिलिलिटर, भांग पाडून *कोरड्या* टाळूवर. केसांवर नव्हे आणि तेलावर तर मुळीच नव्हे. आपल्याकडे तेल लावल्याशिवाय बाईला घराबाहेर पडल्यासारखे वाटत नाही. तेलाने केस मऊ राहतात, तुटत नाहीत, जरूर लावावे, पण न्हाण्याच्या आधी. तेलाने नवा केस उगवत नाही, बाटलीवर कुणाच्याही आजीचा फोटो असला तरी. औषध लावून हात धुवावेत आणि ते वाळल्याशिवाय उशीवर डोके टेकू नये, नाहीतर गालावर, कपाळावर लव वाढते.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत गळती उलट वाढते. जुने विश्रांतीतले केस नव्यांना जागा करून देतात, म्हणून. हे आधी सांगितले नाही तर बाई बाटली उकिरड्यावर फेकते आणि डॉक्टरला नावे ठेवते. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. पहिल्या दिवशी भांगाचा फोटो काढून ठेवावा, कारण आरशाला रोजचा फरक कळत नाही. आणि सर्वांत कडू गोष्ट, औषध थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले परत जाते. रक्तदाबाच्या गोळीसारखेच हे चालू ठेवायचे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना वापरू नये. पूर्वीसारखी दाट वेणी मिळेल असे वचन मी कुणाला देत नाही. आहे ते टिकते आणि काही प्रमाणात भरते. अनेकींना तेवढे पुरते.

याच औषधाच्या अगदी कमी मात्रेच्या गोळ्याही हल्ली तज्ज्ञ देतात. पायांवर सूज, छातीत धडधड असे त्रास होऊ शकतात, तेव्हा शेजारणीची चिठ्ठी चालणार नाही. स्पायरोनोलॅक्टोन आणि फिनास्टेराइड ही औषधे मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईला तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय देणे धोक्याचे, कारण गर्भातल्या मुलाच्या वाढीत दोष येऊ शकतो. पुरुषांच्या नावाची गोळी घरात आहे म्हणून बायकोने गिळू नये. स्वतःचे रक्त काढून टाळूत टोचण्याच्या उपचाराने काहींना फायदा होतो, काहींना नाही, खर्च मात्र सर्वांनाच होतो. राहिल्या बायोटिनच्या गोळ्या. कमतरता नसेल तर त्यांचा केसांना उपयोग झाल्याचा धड पुरावा नाही. शिवाय त्यांच्यामुळे थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते, म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

आणि पाणी! जालन्यात पाण्याला दोष देणे आपल्या अंगवळणी पडले आहे, त्याला कारणेही भरपूर आहेत. बोअरचे जड पाणी केस राठ करते, हे खरे. पण मुळाशी जाऊन ते आक्रसवत नाही. डोके भादरल्याने केस दाट येतात हेही खरे नाही. कापलेल्या टोकामुळे तसे वाटते एवढेच.

परतूरकडचे एक गृहस्थ तेवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. दोन महिन्यांनी पाहुणे बघायला येणार होते. मुलगी खाली मान घालून बसलेली, म्हणजे भांग बरोबर माझ्यासमोर. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तोवर भरून येतील असं करा. नाहीतर हे आमच्या घराण्यात नाही असं लिहून तरी द्या." दोन्ही गोष्टी मला करता येण्यासारख्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीखाली काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होते. मी तसे म्हटले नाही. पण मुलगी हसली आणि मग तेही हसले. तिला औषध सुरू केले. पाहुण्यांसमोर बनावट केस लावायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे, एवढेच मी वडिलांना सांगितले.

आपल्या समाजात बाईच्या डोक्यावर केस नसणे याला फार जुना आणि वाईट अर्थ चिकटलेला आहे. विधवांचे केशवपन थांबावे म्हणून महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीच्या काळात नाभिकांनीच संप केला, कारण वस्तरा त्यांच्या हातात होता. ती रूढी गेली, पण तिची सावली अजून आहे. म्हणून बाई मूळव्याध सांगेल, पांढरे जाणे सांगेल, केसांचे मात्र कडी धरूनच सांगेल. औषधाच्या बाटलीवर पुरुषाचे चित्र असते, मेडिकलवाला मोठ्याने विचारतो, "मालकांसाठी का?" आणि ती मान हलवून हो म्हणते. मी आता चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे बाईचेच नाव ठळक लिहितो.

सेविकेने मध्ये दोन महिने औषध सोडले होते. गळती वाढलेली पाहून घाबरली, मी आधी सांगितले होते तरीही. पुन्हा सुरू केले. आठव्या महिन्यात आम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. भांग निम्म्याने बुजला होता, माथा अजून विरळ आहे. रुमाल मात्र सुटला आहे. बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत.

त्या दिवशी जाताना तिने सवयीप्रमाणे कडी धरली आणि मागे वळली. या वेळी बारा वर्षांची मुलगी सोबत होती. "हिचा भांग बघता का जरा?" मुलीला खुर्चीवर बसवून पाहिले. केस दाट, भांग दोऱ्याइतका. पाळी सुरू होऊन वर्ष झाले होते. खालच्या पापणीचा रंग पाहून मी रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन नऊ निघाले.